मॅटर तयार आहे

महाविद्यालयांतला स्त्री-पुरुष समानतेचा हंगाम फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि आठ मार्चला दुपारच्या जेवणाबरोबर आटोपतो. या दिवसांत वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी उतरा, महाविद्यालयाच्या फाटकावर एक फ्लेक्स दिसेलच. मध्यभागी सावित्रीबाई, त्यांच्या दोन्ही बाजूंना त्यांच्याहून मोठे छापलेले संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव, खाली प्राचार्य, आणि अगदी तळाशी, दोरी सुटून फ्लेक्सला घडी पडली आहे तिथे, विषय: 'लिंगभाव आणि समाज, विद्यार्थ्यांचे एकदिवसीय राज्यस्तरीय संशोधन चर्चासत्र'. शेजारच्या जिल्ह्यातून चार पोरं आली की चर्चासत्र राज्यस्तरीय होतं. बऱ्हाणपूरला दिलेल्या कुणाच्या बहिणीनं नाव नोंदवलं, तर राष्ट्रीय.

हा हंगाम येतो कुठून, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. त्याचं उगमस्थान बंगळुरूला आहे. 1994 मध्ये तिथे 'नॅक' ही मूल्यांकन करणारी संस्था स्थापन झाली आणि महाविद्यालयांना गुण मिळू लागले. ज्या सात निकषांवर आमची पिढी घासून निघाली, त्यातल्या सातव्याची सुरुवातच अशी की, गेल्या पाच वर्षांत लिंगसमभावासाठी तुम्ही काय काय केलंत? 'विशेष काही नाही' हे खरं उत्तर लिहिलं तर गुण जातात. म्हणून चर्चासत्र. त्याचे फोटो जिओटॅगसकट लागतात, म्हणजे समानता नेमकी कुठल्या अक्षांश-रेखांशावर झाली हे कळतं.

अशा चर्चासत्रांना मला सत्राध्यक्ष म्हणून बोलावतात. मी बाई आहे, मराठी शिकवते आणि मानधनाची चौकशी करत नाही, एवढ्या पात्रता पुरतात. माझा परिचय करून देणारा मुलगा दरवेळी वेगळा असतो, परिचय एकच: 'एक आदर्श गृहिणी असूनही मॅडमनी पीएच.डी. संपादन केली.' माझ्या घरचे लोक श्रोत्यांत असते, तर पहिल्या अर्ध्या वाक्याला त्यांनीच हरकत घेतली असती.

उद्घाटनात फार रमत नाही. समईची वात पेटत नाही, म्हणून पंखे बंद होतात. पेटल्यावर सुरू करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. रांगोळी मुलींनी काढलेली, तबकं मुलींच्या हातात, स्वागतगीत मुलींचं; खुर्च्या, स्पीकर आणि माइकची वायर मुलांकडे. प्राचार्य गार्गी-मैत्रेयीपासून निघतात, जिजाऊ, अहिल्यादेवी, सावित्रीबाई असे थांबे घेत कल्पना चावलांपर्यंत पोचतात आणि तिथे त्यांचा चहा येतो. यंदा मात्र मजा झाली. पर्यावरण दिनाच्या भाषणातली एक ओळ कागदावर तशीच राहून गेली होती, त्यामुळे स्त्रीशक्तीचा जागर करता करता त्यांनी प्रत्येकाला 'किमान एक तरी लावा आणि जगवा' असं कळकळीचं आवाहन केलं. टाळ्या पडल्या.

खरा कार्यक्रम सुरू होतो जेवणानंतर. प्रत्येकाला आठ मिनिटं, सहाव्या मिनिटाला एक घंटा, आठव्याला दोन. विद्यार्थी पोडियमशी येतो, पडद्याकडे तोंड करतो आणि आमच्याकडे पाठ करून पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. साचा पक्का: प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, संशोधन पद्धती, निष्कर्ष, शिफारशी. गृहीतक असतं, 'ग्रामीण स्त्रियांची स्थिती समाधानकारक नाही.' निष्कर्ष असतो, 'ग्रामीण स्त्रियांची स्थिती समाधानकारक नसल्याचे आढळून आले.' मधे एक पाय चार्ट गरगर फिरत येतो. शिफारशी दोन: शासनाने लक्ष द्यावे आणि समाजाचे प्रबोधन व्हावे. सध्या शासनाकडे लक्ष देण्यासारखं किती साठलं असेल, याचा हिशोब एखाद्या पोरानं करायला हवा. माहिती कशी गोळा केली? गूगल फॉर्म. कुणाकडून? वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपकडून. ग्रामीण स्त्रिया त्यात कुठे? 'मॅडम, आम्ही सगळे ग्रामीणच आहोत.' हे खरं होतं. पण मग स्त्रिया?

एक मुलगी उठली. समाजशास्त्राची, पदव्युत्तर दुसऱ्या वर्षाची. विषय घरकामातला मुलांचा वाटा. तिचाही गूगल फॉर्मच. 'तुम्ही घरकाम करता का?' या प्रश्नावर बहुतेक मुलांनी बेधडक 'नेहमी'वर टिचकी मारलेली. कुणी दुसरी असती तर तिथेच पाय चार्ट फिरवून मोकळी झाली असती. ही थांबली. तिनं त्याच मुलांना गाठून एकच तोंडी प्रश्न विचारला: घरी मिसळणाच्या डब्यात हळद कुठल्या वाटीत असते? आणि उत्तर तपासायला त्याच्यासमोरच त्याच्या आईला फोन लावला.

हे सांगताना ती पहिल्यांदा आमच्याकडे वळली. पडद्यावर यातलं काहीच नव्हतं. एकानं म्हणे डोळे मिटून खूप आठवून पाहिलं आणि 'डबा स्टीलचा आहे' एवढी माहिती दिली. दुसऱ्यानं 'हळद वेगळी बरणीत असते' असं ठामपणे सांगितलं. फोनवर आई म्हणाली, 'बरणीत लोणचं असते रे.' तिसऱ्याच्या आईनं प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. 'त्याले ग्यास पेटवता येत नाही बाप्पा, हळद कुठची विचारतं!' सभागृहात बराच वेळ कुणी घंटा वाजवली नाही, कारण घंटा ज्याच्याकडे होती तो मुलगा खाली मान घालून बसला होता. बहुधा तो नमुन्यात असावा.

तिनं आपल्या शोधाला देशाचा आधारही जोडला होता. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळवापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या बायकांपैकी 81.2 टक्के जणी दिवसभरात बिनपगारी घरकाम करताना आढळल्या, पुरुषांपैकी 26.1 टक्के. जे करतात त्यांची सरासरी काढली तर बायकांची 299 मिनिटं, पुरुषांची 97. म्हणजे चौघांतले तीन पुरुष आधीच वजा करायचे, आणि उरलेला एक दीड तासात मोकळा. 2024 मध्ये पुन्हा मोजलं. बायकांची मिनिटं 289 वर आली. दहा मिनिटांची बचत, आनंदाची गोष्ट! पण पुरुषांची आली 88 वर. बायकोनं दहा मिनिटं काम कमी केलं तर नवऱ्यानंही लगेच नऊ मिनिटं कमी केलं. खांद्याला खांदा लावून चालणं म्हणतात ते हेच असेल.

माझ्या शेजारी सहपरीक्षक म्हणून अर्थशास्त्राचे एक सर होते. सगळ्यांना ते एकच प्रश्न विचारत, 'हायपोथेसिस कुठंय?' त्यांनी हिलाही विचारला. मागच्या रांगेतले आणखी एक सर त्यांच्याही आधी उभे राहिले होते. 'प्रश्न नाही, थोडं निवेदन आहे,' असं म्हणून जो उठतो त्याला आवरायला अध्यक्षाकडे कुठलंही शस्त्र नसतं. पुरुषांवरच्या अन्यायावर कुणी पेपर का करत नाही, इथून त्यांनी सुरुवात केली. मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'सर, तुमच्या घरी हळद कुठल्या वाटीत असते?' पोरं खिदळली. सर म्हणाले, 'मधल्या. उजवीकडे मोहरी, तिच्या खाली जिरं. मिसेस नागपूरला नोकरीला, मी इथे. सगळं माझं मीच करतो.' आणि ते खाली बसले. अन्यायाचं राहूनच गेलं. मुलीनं खांद्यावरची पिशवी उघडली, वही काढली आणि पोडियमवरच काहीतरी लिहून घेतलं. तिच्या तक्त्यात या सरांसाठी रकाना नव्हता.

त्यानंतर आली लग्नपत्रिकांची पोरगी. तिच्याकडे पेन ड्राइव्ह नव्हता. साडीच्या दुकानाची एक भलीमोठी पिशवी होती, पत्रिकांनी ठासून भरलेली. घरोघरी दिवाणाच्या पेटीत, देवघराच्या खाली, वायरच्या हुकाला टोचून ठेवलेल्या जुन्या पत्रिका मागून आणलेल्या. काहींवर हळदीकुंकवाची बोटं, एकीच्या मागे कुणीतरी केलेला किराण्याचा हिशोब. तिनं त्या टेबलावर ओतल्या आणि एकेक उचलून दाखवू लागली.

तिचं म्हणणं असं. पत्रिकेत सगळ्यात आधी मान बाईला असतो: 'सौ. व श्री. रामराव पाटील'. म्हणजे पहिली 'सौ.' आणि मग 'श्री.' पण नीट बघा, त्या 'सौ.'ला नाव नाही. खाली निमंत्रक, विनीत, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक अशा रांगाच्या रांगा; सगळे बाप्ये. आमदार, माजी सभापती, पतसंस्थेचे संचालकही आहेत, जे लग्नाला येणार नाहीत. बायकांची नावं शोधत शोधत ती पार तळाला पोचली तेव्हा तिला 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' ही ओळ सापडली. तिथे परी, स्वरा, गौरी अशी लहान मुलींची नुसती नावं होती, कुणाची सौ. नाही की कुणाची सून नाही. आणि वर देवांच्या नावांखाली, 'कै. सुमनबाई यांच्या कृपाशीर्वादाने'. 'म्हणजे मॅडम,' ती म्हणाली, 'स्वतःचं लग्न सोडलं, तर बाईचं नुसतं नाव पत्रिकेत दोनदाच येते. शाळेत जाण्याआधी, नाहीतर वारल्यावर.'

मी नॅकच्या नियमानुसार गंभीर चेहरा ठेवून होते, पण पुढे वाकून बसले. सहपरीक्षक सरांनी विचारलं, 'याला सैद्धांतिक चौकट काय?' ती गोंधळली. हातातल्या पत्रिकेकडे बघून म्हणाली, 'सर, चौकट सोनेरी आहे.'

नंतर कळलं की ती पत्रिका छापणाऱ्याकडेही जाऊन आली होती. फ्लेक्स, बिलबुकं, शिक्के, पत्रिका असं सगळं करणारं बसस्टँडजवळचं दुकान. तिनं तिथल्या ऑपरेटरला विचारलं, बायकांची नावं का घालत नाही? त्यानं माऊस न सोडता उत्तर दिलं, 'ताई, मॅटर तयारच असते. नावं तेवढी बदलवायची.' मग त्यानं तिला फाइल उघडून दाखवली. 'सौ. व श्री.' टाइप केलेलंच होतं, पुढे टिंबं. नवऱ्याच्या नावाची तेवढी जागा. दोन नावं घालून बघ म्हटल्यावर त्यानं बघितलं आणि म्हणाला, 'ओळ फुटते.'

हे वाक्य ऐकल्यापासून मला त्या सभागृहात दुसरं काही दिसेना. फ्लेक्सचं मॅटर तयार होतं, परिचयाचं तयार होतं, प्राचार्यांचं तर दोन कार्यक्रमांना मिळून एकच होतं. गृहीतकं आणि शिफारशी कुणीतरी कधीतरी टाइप करून ठेवलेल्या, जिल्हाभर फिरणाऱ्या. पोरं त्यात आपापलं गाव भरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमानं दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. या पेपरांतलं साम्य कुठल्याही सॉफ्टवेअरला सापडायचं नाही, कारण कुणी कुणाचं चोरलेलं नाही. सगळ्यांनी एकाच दुकानातून घेतलंय.

बरं, सरकारचं मॅटर बदलतं अधूनमधून. दुसरीच्या पाठ्यपुस्तकांत बालभारतीनं 2019 मध्ये भाजी निवडणारे बाबा आणि इस्त्री करणारा पुरुष आणला. 1 मे 2024 पासून नाव लिहायची रीतही बदलली. 1 मे 2014 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. यातली पहिली मुलगी अठराची व्हायला 2032 उजाडेल. तोपर्यंत त्या ऑपरेटरनं फाँट थोडा बारीक करून ठेवावा.

मधे एका मुलीनं ताराबाई शिंद्यांवर पेपर वाचला. बुलढाण्याच्या ताराबाई, म्हणजे आमच्याच. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला 1881 मध्ये मूल मारल्याच्या आरोपावरून शिक्षा झाली, वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली, आणि ताराबाईंनी संतापून 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. ते 1882 मध्ये पुण्यात छापलं. आपलेच लोक अंगावर आले तेव्हा जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक दिसेनासं झालं ते 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. सगळी माहिती बरोबर. पण एवढं धगधगतं पुस्तक त्या मुलीनं रेल्वेच्या उद्घोषणेच्या आवाजात वाचून दाखवलं. मला वाटलं, या सत्रात ताराबाईच आल्या असत्या तर? उद्दिष्टं: पुरुषांना खडसावणं. नमुना: समस्त पुरुषवर्ग. नमुना निवड पद्धत: कुणालाही न वगळता. साम्य: शून्य टक्के. सरांनी 'हायपोथेसिस कुठंय?' विचारलं असतं आणि पुस्तकाची पुढची आवृत्ती त्यांच्यावर निघाली असती.

एसटीवाला मुलगा आला तेव्हा दोन घंटा एकदम वाजवायचा ठराव मनातल्या मनात पास झाला होता. समाजकार्याचा विद्यार्थी, शर्ट इन केलेला, कपाळावर घाम. विषय: 'महिला सन्मान योजनेचा लाभार्थींवरील परिणाम'. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, हे तुम्हाला ठाऊक आहे. हा पोरगा फलाटावर प्रश्नावली घेऊन उभा राहायचा. प्रवासाचं कारण: माहेर, दवाखाना, बाजार, लग्नकार्य, शासकीय काम, इतर. पण बायका उत्तरं देण्याआधी याचीच मुलाखत घेत. कोणाचा तू? कोणत्या गावचा? शिकून काय होशील? लग्न झालं का? एका आजींनी त्याच्यासाठी स्थळही सुचवलं. ते त्यानं पेपरात घातलं नव्हतं, बोलता बोलता निघालं. त्याच्या निम्म्या प्रश्नावल्या अपूर्ण होत्या. सरांनी कारण विचारलं. पोरगा म्हणाला, 'गाडी लागली, सर.'

त्याचा लिहिलेला निष्कर्ष होता की स्त्रियांच्या गतिशीलतेत वाढ झाली. खरं काय झालं ते मी खोदून विचारल्यावर बाहेर आलं. त्याला अशा कितीतरी बाया भेटल्या, ज्या आता माहेरी वरचेवर जातात. हे झालं चांगलं. पण अशाही भेटल्या, ज्या तहसीलला, बँकेत, खताच्या दुकानात, लेकाच्या शाळेत, सासऱ्याच्या औषधाला, सगळीकडे जातात. 'त्याहिले फुल तिकीट लागते न बाप्पा,' एकीनं सांगितलं होतं, 'म्हून मलेच पाठवते.' नवरा घरी, बाई गावोगाव. सरकारनं तिकीट अर्धं केलं, घरच्यांनी काम दुप्पट केलं. तरीही ती बाई तक्रार करत नव्हती, असं तो म्हणाला. खिडकीची जागा मिळाली की दीड तास तिला कुणी हाक मारत नाही.

'हे लिहिलं का नाहीस?' मी विचारलं.

'मॅडम, पर्यायात नव्हतं.'

शेवटचा पेपर वसतिगृहावर होता. मुलीनं दोनच फोटो आणले होते, दोन सूचनाफलकांचे. मुलींचा फलक: सायंकाळी साडेसहानंतर प्रवेश नाही, पालकांचे पत्र आवश्यक, मोबाइल जमा करावा, आणखी बरंच. मुलांच्या फलकावर एकच ओळ: 'रात्री अकरानंतर गेट जोरात वाजवू नये.' पहिल्या रांगेत वॉर्डनबाई बसल्या होत्या. त्यांनी पर्समधून काहीतरी शोधायला घेतलं. सत्र इतकं लांबलं होतं की सहा वाजून गेलेले. मुलगी वॉर्डनबाईंकडे बघत बघत बोलत होती, दर वाक्याला वेग वाढवत. सरांनी हायपोथेसिस विचारायला तोंड उघडेपर्यंत ती दारात पोचली होती आणि तिच्या मागोमाग वॉर्डनबाई, कारण किल्ल्या त्यांच्याकडे.

बक्षीस ताराबाईंवरच्या पेपरला मिळालं. सरांच्या गुणपत्रिकेत गृहीतकाला दहा गुण होते आणि गृहीतक त्या एकाच पेपरात नीट होतं. पत्रिकावालीला उत्तेजनार्थ. हळदवालीच्या प्रमाणपत्रावर नाव चुकलं, एसटीवाल्याच्या प्रमाणपत्रावर 'कु.' छापून आलं. दुरुस्त करून पाठवतो म्हणाले. मॅटर त्यांच्याकडे आहेच.

स्टँडवर साडेसातची गाडी यायची होती. मी बाकावर बसले तर समोर तोच पोरगा, हातात पॅड, पॅडवर प्रश्नावली. 'मॅडम, पाचच मिनिटं. तुम्हीही लाभार्थी आहात.' मी लाभार्थी होतेच. वय, शिक्षण, व्यवसाय झालं. प्रवासाचं कारण विचारल्यावर मी म्हटलं, स्त्री-पुरुष समानतेवरच्या चर्चासत्राची अध्यक्ष होते. त्यानं पर्याय वरपासून खालपर्यंत वाचले, पुन्हा वाचले आणि 'इतर'वर खूण केली. मग 'या प्रवासासाठी घरून कोणाची परवानगी घ्यावी लागली काय?' मी उत्तराची जुळवाजुळव करत होते. परवानगी नव्हे, पण सकाळी पाचला उठून पोळ्या करून ठेवल्या होत्या, हे कुठल्या रकान्यात बसतं असं विचारणार, तेवढ्यात कंडक्टरनं डबल बेल दिली. मी पिशवी उचलून पळाले. खिडकीची जागा मिळाली. बाहेर तो पोरगा दिव्याखाली उभा राहून माझ्या कागदावर काहीतरी खरडत होता. काय ते मला पक्कं ठाऊक आहे: 'अपूर्ण. गाडी लागली.'